शेरा लिहिण्याआधी वर्गात बसा : शिक्षण आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त (शिक्षण),
शिक्षण आयुक्तालय, महाराष्ट्र राज्य, पुणे.

विषय : जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांचे पर्यवेक्षण, केंद्रप्रमुखांचे काम आणि शाळाभेटीची पद्धत.

मा. महोदय,

एखाद्या जिल्हा परिषद शाळेत शौचालये किती, रॅम्प आहे की नाही, किती मुलांचे आधार वैध झाले, आज किती मुले जेवली, हे सगळे पुण्यातल्या आपल्या कार्यालयात बसून पाहता येते. त्याच शाळेतल्या तिसरीच्या मुलीला हातच्याची वजाबाकी जमते का, हे मात्र तिच्याच शिक्षकाने भरलेल्या गुणांखेरीज दुसऱ्या कशावरून कळत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत राज्याची शाळांवरची देखरेख खूप वाढली. ती माहितीवर वाढली आणि वर्गातून मात्र निघून गेली. आमचे म्हणणे एवढेच आहे : केंद्रप्रमुखाला, म्हणजे साधारण दहा शाळांच्या गटावर नेमलेल्या पर्यवेक्षकाला, माहिती गोळा करण्याच्या कामातून सोडवा आणि महिन्यातला एक पूर्ण दिवस प्रत्येक शाळेत बसू द्या.

मागणी नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांच्या देखरेखीविषयी स्पष्ट लिहिले होते. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा शाळेत येतो, त्याचा फारसा उपयोग होत नाही; निदान दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी आणि आगाऊ वर्दी न देताही भेटी द्याव्यात, असे त्यांनी सुचवले. गावच्या आणि जिल्ह्याच्या इतर अंमलदारांवर हे काम सोपवता येणार नाही, कारण त्यांच्यामागे इतकी कामे असतात की शाळेकडे फिरकायला सवड होत नाही आणि आलेच तर तपासणी वरवरची होते, हेही त्यांनी नोंदवले. शाळांसाठीच नेमलेल्या केंद्रप्रमुखाची आज नेमकी तीच गत झाली आहे.

केंद्रप्रमुखाचे पद १९९४ मध्ये निर्माण झाले. राज्यात ४,८६० केंद्रे ठरली. साधारण दहा शाळांमागे एक केंद्र, आणि त्या दहा शाळांतल्या शिक्षकांना शिकवण्यात मदत करणारा एक अनुभवी माणूस, अशी कल्पना होती. गटशिक्षणाधिकारी आणि विस्तार अधिकारी प्रशासन पाहतील, केंद्रप्रमुख वर्ग पाहील. आपल्या सगळ्या यंत्रणेत, मंत्रालयापासून खालपर्यंत, मुलांच्या शेजारी बसून त्यांची वही उघडणे हे ज्याचे मुख्य काम आहे असा हा एकमेव अधिकारी.

त्याचीच खुर्ची रिकामी आहे. २०२३ मध्ये विभागीय मर्यादित स्पर्धा परीक्षेची जाहिरात निघाली ती २,३८४ पदांसाठी. एकूण पदांच्या जवळजवळ निम्मी. ती परीक्षाही तेव्हा पुढे ढकलली गेली. रिकाम्या केंद्राचा कारभार थांबत नाही, तो ‘प्रभार’ म्हणून कोणाला तरी दिला जातो. एक तर शेजारच्या केंद्रप्रमुखाकडे दोन किंवा तीन केंद्रे येतात, नाहीतर एखाद्या ज्येष्ठ मुख्याध्यापकाला किंवा पदवीधर शिक्षकाला प्रभारी केले जाते. दुसऱ्या प्रकारात नुकसान दुहेरी आहे. दहा शाळांना पर्यवेक्षक अर्धवट मिळतो आणि त्या शिक्षकाचा स्वतःचा वर्ग आठवड्यातले दोन-तीन दिवस शेजारच्या वर्गात मिसळला जातो.

एका महिन्याचा हिशेब मांडून पाहू. कामाचे दिवस २४ धरा. त्यातून पंचायत समितीतल्या आढावा बैठकांचे चार, केंद्राच्या शिक्षण परिषदेचा एक, प्रशिक्षणाचे किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या कामाचे दोन असे सात दिवस वजा करा. उरले १७. दहा शाळांना एकेक पूर्ण दिवस दिला तर दहा जातात, आणि ज्या दोन-तीन शाळा अडचणीत आहेत तिथे पुन्हा जायला सात दिवस हाती राहतात. म्हणजे एक केंद्र एका माणसाला नीट सांभाळता येते. तीन केंद्रे असली की १७ दिवसांत ३० शाळा. मग एका दिवशी दोन-तीन शाळा उरकाव्या लागतात, आणि ‘भेट’ म्हणजे कार्यालयात बसून शाळाभेट नोंदवहीत सही करणे, अक्षांश-रेखांश उमटलेला एक फोटो काढणे आणि निघणे. धडगाव, अक्कलकुवा, मेळघाट, भामरागड अशा भागांत पावसाळ्यात दोन शाळा एका दिवसात गाठणेच शक्य नसते, तिथे दूरची शाळा महिनोन्‌महिने राहून जाते. जी शाळा सर्वांत दूर, तिथला शिक्षक बहुधा एकटा असतो आणि त्यालाच सोबतीची गरज जास्त असते.

आता हे १७ दिवससुद्धा कागदावरचेच आहेत, कारण त्यांच्यावर माहितीची मागणी येऊन पडते. सकाळी साडेदहाला व्हॉट्सॲप गटावर संदेश येतो : ‘सोबतच्या विहित नमुन्यात माहिती आजच दुपारी चारपर्यंत सादर करावी, निरंक असल्यास निरंक कळवावे.’ जिल्ह्याला मंत्रालयाकडून किंवा संचालनालयाकडून दोन दिवस मिळालेले असतात, तालुक्याला एक, केंद्राला अर्धा आणि शाळेला दोन तास. शाळेत त्या वेळी चौथा तास चालू असतो. दोनशिक्षकी शाळेत मुख्याध्यापक हाच वर्गशिक्षक असतो. तो फोन घेऊन बसला की दोन किंवा तीन इयत्तांची मुले ‘पाठ वाचत बसा’वर राहतात. केंद्रप्रमुखही त्या दिवशी शाळेत असला तरी दहा शाळांना फोन लावत असतो.

यातली बरीचशी माहिती आधीच सरकारदरबारी असते. यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या प्रणालीत शाळेच्या ११ अंकी क्रमांकाखाली वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, वीज, रॅम्प, ग्रंथालयातली पुस्तके, शिक्षक आणि आता प्रत्येक मुलाची नोंद असते. तरीही शौचालयांची माहिती स्वच्छतेच्या मोहिमेसाठी वेगळी, दिव्यांग मुलांच्या सुविधांसाठी वेगळी, मूल्यांकनासाठी वेगळी मागितली जाते. शाळा सिद्धी या आधीच्या स्वयंमूल्यमापन आराखड्यात ४६ मानके होती. नव्या शाळा गुणवत्ता मूल्यांकन आराखड्यात १२८ मानके आहेत आणि दर मानकाचा पुरावा म्हणून छायाचित्रे व कागदपत्रे चढवायची आहेत. स्वयंमूल्यमापन ही चांगली गोष्ट आहे, तिला आमचा विरोध नाही. पण पुरावा कागदच असेल तर शाळा कागदच तयार करते. शनिवारच्या ‘दप्तराविना शाळा’ उपक्रमाचा फोटो पाच मिनिटांत निघतो. उपक्रम झाला की नाही, हे तिथे बसलेल्यालाच कळते.

म्हणून पहिली मागणी अगदी कार्यालयीन आहे. आयुक्तालयात माहिती मागणीची एक नोंदवही ठेवा. शाळेकडे जाणाऱ्या प्रत्येक नमुन्याला जावक क्रमांक असावा आणि वर एक ओळ असावी : ही माहिती यू-डायस, सरल (शाळा व विद्यार्थ्यांची नोंद), शालार्थ (शिक्षकांचे वेतन) किंवा पोषण आहाराच्या नोंदींतून का मिळत नाही. ती ओळ लिहिता येत नसेल तर नमुना पाठवू नये. क्रमांक नसलेल्या नमुन्याला उत्तर दिले नाही म्हणून मुख्याध्यापकाला नोटीस निघू नये. आणीबाणी सोडून माहिती मागवायची ती शुक्रवारी, मुदत पुढच्या शुक्रवारची. आपत्ती, अपघात, साथीचा आजार यांची माहिती अर्थात तासाभरात गेलीच पाहिजे. पोषण आहाराच्या तांदळाच्या रिकाम्या पोत्यांची माहिती तासाभरात कोणालाच नको असते.

आता शाळाभेटीकडे येऊ. या पत्राचा जीव तिथेच आहे.

आज शेरे कसे असतात ते कुठल्याही शाळेची भेटवही उघडली की दिसते. ‘परिपाठ उपस्थित राहून पाहिला. शालेय परिसर स्वच्छ. विद्यार्थी उपस्थिती समाधानकारक. अप्रगत विद्यार्थ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. शासनाच्या विविध योजनांची प्रभावी अंमलबजावणी करावी.’ हा शेरा राज्यातल्या कुठल्याही शाळेत, कुठल्याही वर्षी लिहिता येतो. अप्रगत कोण, कशात मागे, काय करायचे, कोणी करायचे, कधीपर्यंत, यातले काहीच त्यात नाही. पुढच्या भेटीत तो वाचण्यासारखाही नसतो, म्हणून कोणी वाचत नाही.

चांगल्या भेटीची रीत अवघड नाही. केंद्रप्रमुखाने परिपाठाच्या आधी पोहोचावे आणि मुले जेवून उठेपर्यंत निघू नये. पहिल्या तासात फक्त मोजणी करावी. वर्गात बसलेली मुले, हजेरीपटावर हजर मांडलेली मुले आणि त्याच दिवशी पोषण आहारात दाखवलेली मुले, असे तीन आकडे. मोजणी हजेरी घ्यायच्या आधी केली तर कामाची. तीन आकडे जुळले तर दोन मिनिटांचे काम. जुळले नाहीत तर कारण विचारून लिहावे. कारण दरवेळी चोरीचे नसते. पहिलीतले मूल धाकट्या भावाला घेऊन येते आणि तो अंगणवाडीऐवजी इथेच जेवतो, ऊसतोडीला गेलेल्या घरातले मूल आजीकडे राहिलेले असते आणि आठवड्यातून तीन दिवस येते, अशा गोष्टी या मोजणीतूनच कळतात.

मग एका वर्गात मागच्या बाकावर पूर्ण तास बसावे. मध्येच उठून ‘सतराचा पाढा कोण म्हणेल’ असे विचारू नये. पर्यवेक्षकाने वर्ग हातात घेतला की त्याला शिक्षकाचे शिकवणे दिसतच नाही, त्याचे स्वतःचेच दिसते. बघायचे एवढेच की शिक्षक किती मुलांशी बोलला, मागची ओळ त्यात आली का, चुकलेल्या उत्तरावर तो काय करतो, आणि बहुवर्ग असेल तर तिसरीला शिकवताना चौथीच्या हातात काय दिले आहे. एकशिक्षकी किंवा दोनशिक्षकी शाळेत शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. फळ्यावरचे उतरवून घेणे हे काम म्हणून दिले असेल तर तो वेळ वाया गेलेला आहे.

तासानंतर पाच मुले निवडावीत, शिक्षकाने नव्हे, तारखेवरून. आज १२ तारीख असेल तर पटावरचे २रे, ७वे, १२वे, १७वे आणि २२वे मूल. पट लहान असेल तर सगळीच. प्रत्येकाला व्हरांड्यात शेजारी बसवून दुसरीच्या पातळीचा, पाठ्यपुस्तकात नसलेला सात-आठ ओळींचा उतारा वाचायला द्यावा, एक हातच्याची वजाबाकी, एक शाब्दिक उदाहरण आणि मोठ्यांना एक भागाकार. एका मुलाला चार-पाच मिनिटे, सगळे मिळून अर्धा तास. इथे दोन चुका हमखास होतात. पाठ्यपुस्तकातला उतारा दिला तर मूल तो पाठ म्हणते, वाचत नाही. बोट ओळीवर एकीकडे असते आणि तोंड दुसरीकडे. आणि उदाहरण उभे मांडून दिले तर वजाबाकी येते, पण ‘रमाकडे ५२ बोरे होती, २७ वाटली’ म्हटले की मूल बेरीज करते. हा फरक शिक्षकाला तिथल्या तिथे दाखवला तर त्याचा उपयोग दुसऱ्या दिवसापासून होतो. कोरकू, भिली, गोंडी, माडिया बोलणाऱ्या मुलांना प्रश्न त्यांच्या बोलीत कोणाकडून तरी सांगवून घ्यावा. नाहीतर आपण गणित तपासत नसतो, मराठी तपासत असतो.

वह्या बघताना शेवटच्या तीन तपासणीच्या तारखा बघाव्यात आणि मुलाने स्वतःच्या मनाने लिहिलेले एक तरी पान आहे का ते शोधावे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० मध्ये आले. त्यातली वर्णनात्मक नोंद ही त्या मुलाचे चित्र असावी, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तयार नोंदींची पुस्तके स्टेशनरीच्या दुकानात मिळू लागली आणि ‘स्वतःच्या शब्दांत अनुभव सांगतो’ हे वाक्य पटावरच्या निम्म्या मुलांपुढे उतरवले जाते. नोंदवहीतली एक नोंद वाचून त्या मुलाला समोर बोलवावे. नोंद खरी की नक्कल, हे एका मिनिटात ठरते.

जेवणाआधी धान्यखोली. पहिली ते पाचवीला रोज मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. पाचवीपर्यंतची ६२ मुले हजर असतील तर ६ किलो २०० ग्रॅम. साठानोंदवहीतली शिल्लक आणि प्रत्यक्ष वजन यांत फरक येतो तो अनेकदा शाळेत होतच नाही. पोती उतरवून घेताना कोणी वजन करत नाही, गाडीवाला घाईत असतो, आणि ५० किलोचे म्हणून आलेले पोते भरत नाही. तेव्हा पावतीवर तूट लिहिली नाही की ती मुख्याध्यापकाच्या माथी बसते, आणि मग हिशेब जुळवायला जेवणाऱ्या मुलांची संख्या फुगवण्याची वेळ येते. केंद्रप्रमुखाने वर्षातून दोनदा तरी पोती उतरवताना हजर राहावे, काट्यावर वजन करून पावतीवर खरे वजन लिहायला लावावे. एवढ्याने पुढची अनेक खोटी टिपणे वाचतील.

स्वच्छतागृहाला कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे आहे, एवढे विचारावे. पाणी आत येते का ते नळ सोडून पाहावे. याहून जास्त लिहायची गरज नाही.

शेवटी शिक्षकांबरोबर अर्धा तास, आणि मग शेरा. तीन परिच्छेद पुरेत : काय पाहिले (आकड्यांसह), काय करायचे ठरले (कोण, कधीपर्यंत), आणि वरच्या कार्यालयाने काय करायचे आहे. तिसरा भाग आज शेऱ्यात नसतोच. गळणारे छप्पर, आठ महिने रिकामी जागा, बंद पडलेले वीजजोड यांची जबाबदारी शिक्षकावर नाही. ती शेऱ्यात नावानिशी वर गेली पाहिजे आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांनी ३० दिवसांत त्याच पानाखाली उत्तर लिहिले पाहिजे. पुढची भेट मागचा शेरा मोठ्याने वाचून सुरू व्हावी. ‘समाधानकारक’ हा शब्द ज्यात एकटा उभा आहे असा शेरा ग्राह्य धरू नये.

जागेवर जाण्याचे मोल या राज्याने पाहिलेले आहे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. मुलांच्या बोटाला शाई लावून मोजणी केली, त्यासाठी महसूल खात्याचे मनुष्यबळ लावावे लागले. निम्म्याहून अधिक विद्यार्थी गैरहजर असलेल्या १,४०४ शाळा त्यात निघाल्या. त्या शाळांचे कागद आदल्या दिवशीपर्यंत बिनचूक होते. ज्या खात्याची माणसे वर्षभर शाळांवर जायला हवीत, त्या खात्याला आपली मुले मोजायला दुसऱ्या खात्याला बोलवावे लागले, हे आम्हांला तेव्हाही बोचले होते. त्यानंतर उपाय म्हणून संगणकप्रणाली आल्या. २०२५ मध्ये नागपूर विभागात पात्र नसलेल्यांच्या नावे शालार्थ क्रमांक तयार होऊन वेतन निघाल्याची प्रकरणे पुढे आली आणि विशेष तपास पथक नेमावे लागले. ज्या प्रणालीने गैरप्रकार थांबवायचे तिच्यातूनच ते झाले, कारण पडद्यावरची नोंद आणि शाळेतला माणूस यांची गाठ घालून देणारे कोणी नव्हते.

उलट बाजूही आहे, आणि आमच्या मते ती जास्त दुखरी आहे : मूल वर्गात बसलेले असते आणि प्रणालीत मोजले जात नाही. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवायला, ३० सप्टेंबरचा पट धरतात, आणि त्यात आधार वैध असलेल्या मुलांवर भर असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन. समजा वर्गात ६३ मुले आहेत आणि ५९ जणांचे आधार जुळते. चार मुलांच्या कागदांमुळे तिसऱ्या शिक्षकाचा हक्क गेला, आणि तो गेला सगळ्या ६३ मुलांचा.

आधार का जुळत नाही? आडनाव आधी की नंतर, इंग्रजी स्पेलिंगमधले एक अक्षर, अंदाजे टाकलेली १ जानेवारी ही जन्मतारीख. दुरुस्तीसाठी पालकाला तालुक्याच्या केंद्रावर जावे लागते, एका दिवसाची मजुरी बुडते, जन्मदाखला नसेल तर तो हेलपाटाही फुकट. अशा वेळी वरून ‘शून्य प्रलंबित’चा दबाव आला की शाळा सोपा मार्ग धरते : स्टुडंट पोर्टलवरचे नाव किंवा तारीखच आधारप्रमाणे बदलते. आधार वैध होते, आकडा सुधारतो. पण जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीत, मूळ नोंद तशीच राहते, आणि दहा वर्षांनी त्या मुलाला शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, जातपडताळणी यासाठी फिरताना दोन वेगळ्या तारखा आडव्या येतात. म्हणून लेखी नियम करा : जन्मदाखल्याशी जुळणारे जनरल रजिस्टर प्रमाण, दुरुस्ती आधारमध्ये, आणि तोपर्यंत केंद्रप्रमुख व विस्तार अधिकारी यांनी समक्ष मोजलेले मूल पटात धरायचे. वेगळ्या सवलतीच्या पत्राची वाट बघायला लागू नये. बीड, अहिल्यानगर, जालना अशा जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची मुले ३० सप्टेंबरला शाळेत असतात आणि डिसेंबरात नसतात. त्यांच्यासाठी जिथे जातील तिथल्या शाळेत दाखवायचे शिक्षण हमी कार्ड आहे, हंगामी वसतिगृह आहे. कार्ड घेऊन मूल कुठल्या शाळेत पोहोचले, याचा मागोवा दोन्हीकडच्या केंद्रप्रमुखांनी एकमेकांना फोन करून घेतला तरच तो लागतो.

चाचण्यांबद्दल थोडक्यात. नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांचे पेपर राज्यातून येतात, पण घेतो वर्गशिक्षक, तपासतो वर्गशिक्षक, गुण चॅटबॉटवर भरतोही वर्गशिक्षक. मग त्याच गुणांवरून शाळेची, केंद्राची, तालुक्याची क्रमवारी लागते. क्रमवारी लागायची असेल तर कोणीही गुण सावधपणे भरणार. दोहोंपैकी एक करा. शिक्षकाला स्वतःला कळावे म्हणून चाचणी असेल तर क्रमवारी लावू नका. तुलना हवीच असेल तर शेजारच्या केंद्रातल्या शिक्षकांनी येऊन नमुन्यादाखल दहा टक्के मुलांची चाचणी घ्यावी. निपुण महाराष्ट्र या वाचन-गणिताच्या कार्यक्रमातले चावडी वाचन आम्हांला मनापासून आवडते, कारण तिथे मूल गावासमोर वाचते. फक्त वाचणारे मूल आणि उतारा त्याच दिवशी, तिथल्या तिथे चिठ्ठीने ठरावे.

शिक्षकच शाळेत नसेल तर भेटीला अर्थ उरत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच कामे शिक्षकाला लावण्याची मुभा दिली आहे. निवडणुकीचे कामही सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून नेमलेल्या शिक्षकाला दोनशिक्षकी शाळेतून शाळेच्या वेळेत बाहेर काढले जाते, तेव्हा त्या निर्णयाची प्रत घेऊन तहसीलदारांकडे जाण्याचे काम मुख्याध्यापकाचे नाही, आपल्या खात्याचे आहे.

पैशांचेही एक उदाहरण. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे संयुक्त शाळा अनुदान ३० पर्यंतच्या पटाला वर्षाला १०,००० रुपये. महिन्याला ८३३ रुपये. त्यात वीजबिल, इंटरनेट, खडू, दुरुस्ती, साफसफाई, आणि वर सांगितलेल्या सगळ्या नमुन्यांच्या छायाप्रती. अनेकदा रक्कम जानेवारीनंतर हाती येते आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो. जूनपासून मुख्याध्यापक खिशातून चालवतो, मार्चमध्ये पावत्या जमवतो, आणि लेखापरीक्षणात त्याच पावत्यांवर आक्षेप येतो. अनुदान जुलैत द्या. लेखापरीक्षणाचे निम्मे आक्षेप आपोआप संपतील.

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला हव्यात, असे कायदा सांगतो. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे आणि विकास आराखडा करणे हे तिचे काम. पण केंद्रप्रमुख काय लिहून गेला, हे बहुतेक समित्यांना कधी कळतच नाही. भेटवही कपाटात असते. शेऱ्याची एक प्रत शाळेच्या फलकावर लावा आणि पुढच्या बैठकीत ती वाचून दाखवणे हा विषयपत्रिकेतला पहिला विषय करा. गावातल्या आईला ‘पाचपैकी दोन मुलींना हातचा जमत नाही, १५ ऑगस्टपर्यंत जमवायचा’ हे कळते, पटते आणि ती विचारायलाही येते.

वरच्या मागण्यांपैकी तीन गोष्टी येत्या जूनपासून, शाळा भरतील त्या आठवड्यापासून, सुरू होऊ शकतात आणि त्यांना नवा निधी लागत नाही : कोणाकडेही दोनपेक्षा जास्त केंद्रे नकोत आणि दोनशिक्षकी शाळेतल्या शिक्षकाला प्रभार नको, माहितीच्या प्रत्येक नमुन्याला आयुक्तालयाचा क्रमांक, आणि एकच केंद्र असेल तिथे प्रत्येक शाळेला महिन्यातून एक पूर्ण दिवसाची भेट, शेरा फलकावर. रिक्त पदे भरायला वेळ लागेल हे आम्ही समजू शकतो, पण ती भरण्याचे वेळापत्रक तारखांसह जाहीर व्हावे. बरेच शिक्षक ३१ मे रोजी निवृत्त होतात, त्यामुळे कोणत्या केंद्रात जागा रिकामी होणार हे वर्षभर आधी माहीत असते.

एक शेवटची विनंती. हे पत्र ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ म्हणून जिल्ह्यांकडे पाठवू नये. तिथून ते तालुक्याला, तालुक्यातून केंद्राला आणि तिथून मुख्याध्यापकाकडे जाईल, आणि त्याला वर्ग सोडून त्यावर अहवाल लिहावा लागेल. यात मागितलेल्या गोष्टी आपल्या पातळीवर ठरणाऱ्या आहेत. उत्तरही तिथूनच, परिपत्रकाच्या रूपाने यावे.

आपले,
शाळा व्यवस्थापन समित्यांवरील काही पालक, सेवानिवृत्त केंद्रप्रमुख व प्राथमिक शिक्षक